शेप्या आंब्याची जागा

“निगडे, हा आंबा इथं का आहे?”

बुधगावकर सरांनी माझ्या चित्रावर बोट टेकवलं. रंग ओला होता, बोट उमटलं.

“तिथं आहे म्हणून,” मी समोर हात केला.

सरांनी समोर पाहिलं. आंबा खरोखरच तिथं होता. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे पाहावं तसं सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

“तो तिथं उभा आहे ही त्याची चूक. तुमच्या कागदावर तो बरोब्बर मधोमध उभा राहून चित्राचे दोन तुकडे करतोय, ही तुमची चूक. त्याची चूक आपण सुधारू शकत नाही.”

“मग मी काय करू?”

“हलवा.”

“आंबा?”

“नाही, मला. अहो, आंबाच हलवा. डावीकडे न्या, बांधाच्या पलीकडं. तिकडं ऊस तुटून गेलाय, आभाळ मोकळं आहे. झाडाला ऐसपैस बसता येईल.”

मी ब्रश खाली ठेवला. का ठेवला हे सरांना कळणं शक्य नव्हतं. ते जन्मभर हायस्कुलात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. मी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. म्हणजे दोन भावांच्या मधे उन्हात उभं राहून कुणाचं शेत कुठं संपतं ते सांगणारा माणूस. बावीस वर्षांच्या नोकरीत हद्दीचे दगड हलवणारे मी पुष्कळ पाहिले होते. त्यांच्यावर पंचनामे करण्यात माझी निम्मी उमर गेली होती. आणि आता एक सज्जन, पांढरी टोपी घातलेला, तीन विद्यार्थ्यांच्या देखत मला म्हणत होता की अख्खं झाड बांधापलीकडं न्या.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. मी चित्रकलेत कसा पडलो ते थोडक्यात सांगतो. घरात कपाट भिंतीला समांतर नाही, दोन सूत फरक आहे, असं मी एका महिन्यात चौथ्यांदा म्हणालो, तेव्हा आमच्या कुंदाने शांतपणे सांगितलं, “तुम्ही रविवारी घरात थांबू नका.” तिच्या मैत्रिणीचे यजमान, दातांचे डॉक्टर पारुंडेकर, रविवार जलरंग मंडळात जात होते. त्यांच्याबरोबर तिने माझी रवानगी केली.

मंडळ म्हणजे दर रविवारी सकाळी सात वाजता सरांच्या मागोमाग दुचाक्यांवरून निघणारे आठ-दहा जण. सगळे पन्नाशीच्या आसपास, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, आणि सगळ्यांना निसर्गाचं वेड. म्हणजे निसर्गाने अकरापर्यंत आटोपतं घ्यावं, कारण घरी जेवण गार होतं. डॉक्टरांकडे परदेशातून मागवलेले ब्रश होते आणि चाकं असलेली पेटी होती. माझ्याकडे ईझल नव्हतं. त्यावर मी एक मार्ग काढला, आणि पुढचं सगळं त्या मार्गानेच आलं. मोजणीचा फळा असतो ना, तीन पायांवर उभा राहणारा, वर सपाट पाट असलेला, तो रविवारी ऑफिसात नुसता पडून असे. मी तो न्यायला लागलो. चित्रासाठी इतकं पक्कं आणि पातळीत बसणारं ईझल डॉक्टरांकडेही नव्हतं.

चित्रं झाली की आम्ही ती जमिनीवर ओळीने मांडत असू, कोपऱ्यांवर दगड ठेवून. मग सगळे दोन पावलं मागं सरकत आणि मान तिरकी करत. मंडळाचा एक न लिहिलेला नियम होता की कुणाला वाईट म्हणायचं नाही. चित्र चांगलं असेल तर सर म्हणत, “हां, हे झालं.” बरं असेल तर म्हणत, “लांबून बघू.” आणि चित्राबद्दल बोलण्यासारखं काहीच नसेल तर कागदाचा कोपरा दोन बोटांत धरून विचारत, “कागद कुठला?” नवा माणूस खूष होऊन कागदाचं नाव सांगतो. मी पण सांगितलं होतं. नंतर कळलं. सव्वा वर्षात मला एकाही रविवारी दुसरं काही ऐकायला मिळालं नव्हतं.

माझं कुठं चुकत होतं ते सर नीट सांगत. “निगडे, तुम्ही फांद्या मोजता.” मी मोजत होतो. पहिल्या चित्राच्या कोपऱ्यात तर मी सवयीने उत्तर दिशेचा बाणही काढला होता. तंत्रं मात्र मी सगळी शिकलो. ओल्या कागदावर ओला रंग सोडायला शिकलो. रंग अर्धवट वाळताना त्यावर मीठ टाकलं की पानांसारखी नक्षी उठते, ते शिकलो; त्यापायी कुंदाने डब्यात वेगळी पुडी द्यायला सुरुवात केली. पाण्यावरची चमक राखायला आधी मेणबत्तीचा तुकडा घासायचा, तेही आलं. डॉक्टरांनी आपल्या धंद्याला जागून जुन्या टूथब्रशने रंगाचे शिंतोडे उडवायला शिकवलं. एकच गोष्ट मला जमत नव्हती. सर तिला हरवलेली कड म्हणत.

“वस्तूची कड सगळीकडून स्पष्ट काढली की वस्तू मरते,” ते सांगत. “कुठंतरी कड हरवू द्या. झाड आभाळात विरघळू द्या. बांध गवतात जाऊ द्या. अलीकडचं कुठं संपलं आणि पलीकडचं कुठं सुरू झालं, हे बघणाऱ्याला कळता कामा नये.”

मी सकाळी हे ऐकत असे आणि सोमवारी दहा वाजता बरोबर याच्या उलट काम करायला जात असे.

त्या साली मंडळाचं वार्षिक प्रदर्शन नगरवाचनालयाच्या सभागृहात होतं. सर निवडतील ती चित्रं लागणार होती. गेल्या वर्षी माझं एकही लागलं नव्हतं, मी दारात बसून अभिप्रायाची वही सांभाळली होती. म्हणून खडकुळे गावच्या त्या शेतात, त्या सकाळी, सर “हलवा” म्हणून पुढे डॉक्टरांच्या चित्राकडे गेले तेव्हा मी नवा कागद फळ्यावर चिकटवला.

आणि हलवला. पेन्सिल हात लांब करून धरली, एक डोळा मिटला, झाडाची उंची अंगठ्याने मापली, आणि ते उचलून बांधापलीकडं ठेवलं. फांद्या या वेळी मोजल्या नाहीत.

“काय मोजतायसा, सायेब?”

मागं एक म्हातारी उभी होती. हातात कडब्याची पेंढी, नाकात मोठी नथीची कडी. उजवीकडचं शेत तिचं होतं. गजराक्का म्हणत तिला.

“मोजत नाही, अक्का. चित्र काढतोय.”

“फळा तर मोजणीचाच हाय.”

“आहे. पण आज चित्र.”

“सुट्टीच्या दिशी?” तिने पेंढी खाली ठेवली आणि निवांत माझ्या मागं बसली. “काढा काढा. ह्यो शेप्या हाय. माज्या सासऱ्यानं लावलेला.”

“शेप्या?”

“आंब्याचं नाव. फळाला शेपूचा वास येतो. पिकला की तोंडात धरवत न्हाय, पर लोणच्याला त्येच्यासारखा न्हाय. गावातली निम्मी लोणची ह्येचीच.”

“वा,” मी म्हणालो. आभाळाचा रंग वाळायला लागला होता. अशा वेळी चित्रकाराशी बोलू नये, हे खेड्यात कुणाला माहीत नसतं.

“जालिंदराच्या डोळ्यांत खुपतोय आता. पुतण्याच माजा, चुलतदिराचा. सकाळची सावली त्येच्या उसावर पडती. म्हणतोय बांध तुमी सरकिवला, खरी हद्द आंब्याच्या हिकडनं हाय. आंबा माजा, म्या तोडणार, म्हणतोय.”

“हं हं,” मी म्हणालो आणि मीठ टाकलं.

“आता मोजणी आणतो म्हणतोय.”

“आणू द्या,” मी म्हणालो. मी तेव्हा बांधाची कड हरवत होतो. ओला ब्रश तिच्यावरून फिरवला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा एक हद्द माझ्या हाताखाली विरघळून गवतात गेली. असलं सुख मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

अक्काने मान पुढे काढून कागद पाहिला. मग म्हणाली, “आंबा तिकडं का सरकिवला?”

“चित्रात तसं लागतं, अक्का.”

“लागत आसंल,” ती म्हणाली आणि पेंढी उचलून गेली.

चित्र मांडलं तेव्हा सर त्याच्यासमोर थांबले. दोन पावलं मागं गेले. परत पुढे आले. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. ती कोपऱ्याकडे गेली नाहीत.

“हां,” ते म्हणाले. “हे झालं.”

मी खाली सही केली. नाव, तारीख, आणि सवयीने लफ्फेदार, जशी ऑफिसात करतो तशी.

प्रदर्शनात तिसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस आला. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, मनगटात जाड कडं. बाकीच्या चित्रांकडे न बघता तो थेट माझ्या चित्रासमोर जाऊन उभा राहिला आणि दहा मिनिटं हलला नाही. मग त्याने खिशातून चष्मा काढून सही वाचली.

“ह्ये काढणारं निगडे म्हंजी मोजणीतलंच का?”

“मीच तो,” मी उठून गेलो.

“सही तुमचीच?”

“माझीच.”

“आनि तारीख बराबर हाय?”

“अगदी त्याच दिवशी, जागेवर बसून काढलंय. फोटोवरून नाही.” हे मी जोर देऊन सांगितलं, कारण डॉक्टर फोटोवरून काढतात अशी कुजबुज होती.

“जागेवर बसून,” तो म्हणाला. “फळा लावून. आमच्या गड्यानं बगितलंय तुमाला. आंबा एकदम बराबर दावलाय, सायेब. तुमच्यासारख्या मानसानं आसं दावलं म्हंजी विषयच मिटला.”

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. तो चित्र मागत होता. कसलंही मोल घ्यायला मी नकार दिला. कलेची इतकी ओढ असलेल्या माणसाकडून घ्यायचं काय? मीच ते भिंतीवरून उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. नाव विचारलं तर म्हणाला, जालिंदर. हे नाव कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. पण कानावर ते पडलं तेव्हा मी मीठ टाकत होतो.

संध्याकाळी सरांना सांगितलं. सर गंभीर झाले. “शहरात लोक येतात आणि फ्रेम बघतात,” ते म्हणाले. “खरा रसिक खेड्यातच उरलाय.”

अडीच महिन्यांनी खडकुळ्याची मोजणी माझ्या नावावर आली. अर्जदाराचं नाव वाचून मला बरं वाटलं. मी तर मनाशी ठरवलं की काम आटोपल्यावर चहाला त्याच्या घरी जाऊ, चित्र कुठं लावलंय ते बघू.

बघायला घरी जावं लागलं नाही. आंब्याखाली पोलीस पाटील, चार पंच आणि पंधरा-वीस माणसं जमली होती. जालिंदर टॉवेलात काहीतरी गुंडाळून घेऊन उभा होता. गजराक्का बुंध्याला पाठ टेकून बसली होती. मी फळा उभा केला तसा गर्दीतून आवाज आला, “ह्योच. ह्योच व्हता त्या ऐतवारी.”

“फळा ह्योच, सायेब ह्येच,” जालिंदर म्हणाला आणि टॉवेल सोडला. चित्राला फ्रेम केली होती. काच होती. सोनेरी पट्टी. इतक्या गोंधळातही मला दिसलं की फ्रेम चांगली निवडली होती. “आता परत मोजायची गरजच न्हाय. ह्यांनी एकदा मोजलंय. ह्यो आंबा. ह्ये माजं रान. आंबा माज्या रानात. खाली सही, तारीख.”

पोलीस पाटलांनी चित्र हातात घेतलं. मग आंब्याकडे पाहिलं. मग परत चित्राकडे. “सायेब, सही तुमचीच दिसतीया.”

“सही माझी आहे. पण हे चित्र आहे, पाटील. मोजणी नाही.”

“मग फळा का आनला व्हता?”

“चित्र टेकवायला.”

कुणीतरी हसलं. “आनि एक डोळा झाकून, पेन्सिल धरून काय बघत व्हता?” जालिंदराचा गडी म्हणाला. “म्या बांधावर व्हतो. तासभर आंबाच मोजत व्हता.”

“ती चित्राची पद्धत आहे.”

“मग चित्रात आंबा हितं का आला?” जालिंदराने विचारलं. त्याचा आवाज अजून आदराचा होता. त्यामुळे जास्त घाम फुटला.

“मी हलवला.”

सगळ्यांनी मान उचलून आंब्याकडे पाहिलं. वर एक फांदी हलली, तेवढीच.

“हलिवला,” पाटील म्हणाले.

“चित्रात. चित्रात हलवावा लागतो.”

“कुनी सांगितलं हलवायला?”

“सरांनी.”

“तसीलदारांनी?”

“नाही. ड्रॉइंगच्या सरांनी.”

या वेळी पुष्कळ जण हसले. जालिंदर हसला नाही. “म्हंजी आता मोजणी म्हातारीच्या बाजूनं करायची म्हणून ह्ये खोटं ठरवायचं. त्या सरांचाच जबाब घ्या मग.”

मला वाटलं, हे उत्तम झालं. सर मोठे, वयाने आणि मानाने. एका वाक्यात सांगतील की बाबांनो, चित्र वेगळं आणि शेत वेगळं. मी त्यांना मोबाइल लावला, बटण दाबून आवाज मोठा केला आणि फोन फळ्यावर ठेवला. सगळी माणसं भोवती वाकली.

“सर, निगडे बोलतोय. खडकुळ्यात आहे. त्या आंब्याच्या चित्राबद्दल इथल्या लोकांना थोडं समजून घ्यायचं आहे.”

“अरे वा,” सर म्हणाले. त्यांना वाटलं असावं की गावात प्रदर्शन भरलंय. त्यांनी घसा साफ केला. “मंडळी, नमस्कार. निगडेंनी त्या चित्रात आंबा डावीकडं नेला. पुष्कळांना वाटेल, का नेला? तर तो उजवीकडं होता, ती त्याची जागाच नव्हती.”

जालिंदराने मान वर केली.

“सर, मुद्दा असा आहे की...” मी म्हणालो.

“थांबा, निगडे, मला बोलू द्या. त्या आंब्याची खरी जागा डावीकडचीच. उजवीकडं तो उगाच घुसून बसलाय. हे मी पहिल्या दिवशीच म्हणालो. निगडे सुरुवातीला ऐकत नव्हते, ते जे दिसतं त्याला चिकटून बसतात. पण शेवटी त्यांनी सत्य ओळखलं. आणि तो बांध. तो इतका ठळक असायची गरजच नाही, तो पुसून टाकायला पाहिजे.”

“ऐकलं?” जालिंदर पंचांना म्हणाला.

“लई शिकल्याला माणूस दिसतोय,” एक पंच म्हणाला.

मी फोन बंद केला. आयुष्यात गुरूचं बोलणं मधेच तोडलं ते तेवढंच. आणि मग गजराक्काकडे पाहिलं. ती फक्त वर, आंब्याकडे बघत होती. बोराएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. तेव्हा मला ती सगळी सकाळ एकदम आठवली, तिची पेंढी, लोणचं, सावली, “तोडणार म्हणतोय,” आणि त्या प्रत्येक वाक्यावरचा माझा “हं हं”.

“मी मोजणी करणार आहे,” मी म्हणालो. “अर्ज आलाय, ती केल्याशिवाय मला जाता येत नाही. चित्र बाजूला ठेवा.”

अडीच तास लागले. जुने दगड शोधले, दोन जागेवर सापडले, तिसरा जालिंदराच्या गोठ्याच्या पायरीत सापडला. साखळी धरली, रेघा मारल्या. हद्दीची रेघ आजच्या बांधावरून जवळजवळ तशीच जात होती. आंबा अक्काच्या हद्दीत साडेतीन फूट आत होता. मी फळ्यावरच्या नकाशावर तो एका ठिपक्याने दाखवला. ना पानं, ना सावली, ना मीठ. खाली सही केली.

जालिंदराने नकाशा घेतला, दुसऱ्या हातात चित्र धरलं. दोन्ही माझ्यासमोर आणले.

“दोन्हीवर सही तुमचीच, सायेब. एकात आंबा माजा, एकात काकीचा. कुठली खरी ते लिवून द्या. न्हाय तर मी जिल्ह्याला जातो ह्ये चित्र घेऊन.”

तो चुकीचं काहीच म्हणत नव्हता. नकाशा खरा म्हणायचा तर चित्र खोटं म्हणणं आलं, तेही लेखी. आणि ते माझं एकमेव चित्र होतं ज्याला सर “हे झालं” म्हणाले होते. दुसरं होईल याची खात्री तेव्हा नव्हती, आजही नाही. शिवाय सरकारी फळा रविवारी नेला होता हेही त्यात येणार. नुसतं “चित्राचा मोजणीशी संबंध नाही” एवढं गुळमुळीत लिहून निसटता आलं असतं. तेवढ्यावर जालिंदर वर्षभर अपील चालवील आणि तोवर एखाद्या सकाळी आंबा पडलेला असेल, हेही मला बावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

पंचनाम्याच्या कागदावर मी लिहिलं आणि पाटलांनी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं:

“मी, खाली सही करणार भूकरमापक, लिहून देतो की सदरचे चित्र मी रविवारी, खाजगी हौसेपोटी, सरकारी फळ्यावर काढले आहे. ते वस्तुस्थितीस धरून नाही. त्यातील आंबा मी केवळ सौंदर्यासाठी मौजे खडकुळे येथील जालिंदर यांच्या रानात सरकवला आहे. सामाईक बांध मी जाणूनबुजून अस्पष्ट केला आहे. पाने मिठाची आहेत. आजची मोजणी खरी असून चित्र खोटे आहे.”

“पाने मिठाची?” पाटलांनी विचारलं.

“असू द्या,” मी म्हणालो. “खरं लिहायला बसलोय तर सगळंच लिहितो.”

जालिंदराने फ्रेम पुढे केली. “आता ह्येच्यावर बी लिवा.”

काच काढली. मी लाल पेनाने सहीखाली, जिथं गवतात बांध हरवला होता तिथंच, लिहिलं: प्रमाणात नाही. नकाशावर लिहितात तसं. अक्का उठून आली आणि प्रथमच चित्र हातात घेऊन नीट पाहिलं.

“ही सावली कशी काढली वो?” तिने विचारलं.

“ओल्यावर ओला रंग सोडायचा, अक्का.”

“आस्सं,” ती म्हणाली, आणि चित्र जालिंदराला परत दिलं.

पुढचं थोडं आहे. उपअधीक्षकांनी मला खुलासा मागितला. सरकारी साहित्य खाजगी कामास का वापरले हा पहिला मुद्दा होता. दुसऱ्यात विचारलं होतं की ‘सौंदर्यासाठी’ म्हणजे नेमके कोणत्या नियमान्वये, ते सात दिवसांत कळवावे. मी तेविसाव्या दिवशी माफी लिहून दिली. एक वेतनवाढ थांबली. बुधगावकर सरांना मी पंचनाम्याची नक्कल दाखवली तेव्हा मला वाटलं, मंडळातून काढतील. त्यांनी तो दोनदा वाचला. “कंपोझिशनवर इतकं नेमकं मी तीस वर्षांत बोललो नाही,” ते म्हणाले आणि पुढच्या रविवारी नवीन आलेल्यांना वाचून दाखवला.

आंबा उभा राहिला. जालिंदराने त्याच आठवड्यात आपल्या बाजूला आलेल्या फांद्या बांधाच्या बरोबर वरून, कायद्याने चालतं तेवढ्या, साफ केल्या. झाड एका बाजूने सोलल्यासारखं दिसायला लागलं. चित्र मात्र त्याने टाकून दिलं नाही. ते त्याच्या पुढच्या खोलीत लागलं, लाल अक्षरांसकट. त्यात आंबा त्याचाच होता आणि सगळ्या फांद्यांसह होता.

मला राहवेना. पावसाळा संपल्यावर मी एका रविवारी एकटाच खडकुळ्याला गेलो, मांडीवर पाटी ठेवून बसलो आणि अक्कासाठी एक चित्र काढलं. आंबा जिथं होता तिथं, मधोमध. सोललेली बाजू सोललेली. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट, दोन्ही दगड जागच्या जागी, मधलं अंतर प्रमाणात. फांद्या मी मोजल्या. खाली सही आणि तारीख. अक्काच्या घरी नेऊन तिच्या हातात दिलं.

तिने हात पदराला पुसले. चित्र उजेडात, दाराशी नेलं.

“ह्यो बांध,” ती बोट फिरवत म्हणाली. “ह्यो पाट. दगुड. दुसरा दगुड. बराबर हाय.”

“सगळं बरोबर आहे, अक्का. इंचाचाही फरक नाही.”

ती बघत राहिली. हात लांब करून पाहिलं. दोन पावलं मागं सरकली, मान थोडी तिरकी केली. मी वाट बघत होतो. आतून लोणच्याचा वास येत होता, तिने माझ्यासाठी बरणी भरून ठेवली होती. मग ती पुढे आली, चित्राचा कोपरा दोन बोटांत धरला आणि जरा चोळून पाहिला.

“कागूद जाड हाय चांगला,” ती मायेने म्हणाली. “कुठला म्हणायचा?”

मी सांगितला.